मुलीच्या मायनस नंबरसाठी रेड लाइट थेरपी: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मुलीचा नंबर दर तपासणीला चढतच होता म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून रेड लाइटचं मशीन घरी वापरलं, आणि आता ते बंद केलंय. फायदा झाला का, तर हो, झाला. तरी बंद का केलं ते सविस्तर लिहिते, कारण विकणारे फक्त पहिला भाग सांगतात.

वापरायला एकदम सोपं. मशीनला डोळे लावून 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश 3 मिनिटं बघायचा, दिवसातून दोनदा, मध्ये निदान 4 तास जायला हवेत, आठवड्यातले 5 दिवस. दुखत वगैरे काही नाही, त्यामुळे मुलं कुरकुर न करता बसतात.

नंबर जवळजवळ थांबला. पण खरं बघायचं ते ॲक्सियल लेंथ, म्हणजे डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी, ती 1 मिलिमीटर वाढली की साधारण अडीच-तीन नंबर चढतो. आमची लांबी चक्क किंचित कमी आली! डॉक्टर म्हणाले लगेच हुरळून जाऊ नका, या प्रकाशाने डोळ्याच्या पडद्यामागचा (रेटिनामागचा) कोरॉइडचा थर जाड होतो आणि पडदा जरा पुढे सरकतो, त्यामुळेही आकडा कमी दिसतो. तरी परिणाम खोटा नाही, चीनमधली ट्रायल 2022 मध्ये आली त्यात वर्षभरात लाल प्रकाशवाल्या मुलांची लांबी 0.13 मिमी वाढली आणि नुसत्या चष्मावाल्यांची 0.38.

आता दुसरी बाजू. प्रकाश बघून डोळे मिटले की समोर हिरवट ठिपका दिसत राहतो आणि हळूहळू विरतो. आम्ही रोज घड्याळ लावून बसायचो, ती "गेला गं आई" म्हणाली की वेळ लिहायची. सुरुवातीला पटकन जायचा, नंतर नंतर तो रेंगाळायला लागला, आणि एकदा जेवायला बसल्यावरही तिला भिंतीवर ठिपका दिसत होता. मी त्याच दिवशी मशीन बंद केलं आणि डॉक्टरांना फोन केला. ओसीटी स्कॅनमध्ये (यात डोळ्याच्या पडद्याचे थर दिसतात) पडदा नीट निघाला तेव्हा कुठे जीवात जीव आला, कारण 2023 मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये 12 वर्षांच्या मुलीची केस आलीये, 5 महिने वापरल्यावर दोन्ही डोळ्यांची नजर कमी झाली, पडद्याच्या मधोमध इजा, आणि बंद केल्यावर सुधारली तीही अर्धवट.

आम्हाला विकणाऱ्याने "क्लास 1 लेसर आहे, एकदम सेफ" एवढंच सांगितलं होतं. क्लास 1 म्हणजे लेसरचा सगळ्यात कमी धोक्याचा वर्ग. पण ह्यूस्टन विद्यापीठात अशी दोन मशीन मोजली तेव्हा दोन्ही क्लास 1 च निघाली, आणि तरीही 3 मिनिटं रोखून बघितलं तर सुरक्षित मर्यादा गाठली जाते किंवा ओलांडली जाते असं दिसलं. चीननेही जुलै 2024 पासून ही मशीन वैद्यकीय उपकरणांच्या सगळ्यात कडक, तिसऱ्या वर्गात टाकलीत.

बंद केल्यावर लांबी परत वाढायला लागली, रिबाउंड म्हणतात तो हाच. सध्या रात्री ॲट्रोपिनचे (नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे) थेंब आणि रोज दोनेक तास उजेडात बाहेर खेळणं चालू आहे, लांबी वाढतेय, पण वेग कमी आहे आणि मी शांत झोपते.

तरीही कुणाला सुरू करायचंच असेल तर आधी ओसीटी आणि ॲक्सियल लेंथ करून घ्या, मग ठराविक काळाने पुन्हा पुन्हा, आणि ठिपका किती वेळ राहतो ते रोज स्वतः विचारा, मुलं आपणहून सांगत नाहीत. जिथे ओसीटीची सोय नाही तिथून तर मशीन घेऊच नका.