लिथियमच्या भावात शहाबादी फरशी

विंगर किंवा ट्रॅव्हलरमध्ये झोपायची सोय करून मागे छोटा फ्रिज, पंखा बसवणाऱ्यांनी हे वाचा. सोलापुरात बॅटरी घ्यायला निघाला असाल तर नक्कीच. दुकानाचं नाव देत नाही, प्रकरण तक्रारीत आहे.

मला विकलेली वस्तू: लिथियम फॉस्फेट बॅटरी, १२ व्होल्ट, १०० एएच (अँपियर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो ते), ३२ हजार रुपये. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, शिवाय सोलापूरचा मे तिला मानवत नाही. लिथियम जवळजवळ पूर्ण वापरता येते, असं दुकानदाराने समजावलं. इथपर्यंत तो एक शब्दही खोटा बोलला नाही. मग मीटर लावून १३.३ व्होल्ट दाखवले, काट्यावर ठेवून साडेबारा किलो दाखवले. "मालक, वजनच सांगतंय ना माल काय आहे ते."

व्होल्ट दाखवणं ही निव्वळ धूळफेक. या बॅटरीचा व्होल्टेज बरीच उतरेपर्यंत १३ च्या आसपासच राहतो, आणि आत १०० एएच असो की ३०, भरलेली असली की आकडा तोच. तोटी बघून टाकी केवढी ते कळत नाही.

तुळजापूरला पहिल्याच मुक्कामी मध्यरात्री फ्रिज बंद. फ्रिज-पंखा मिळून सहा अँपियरसुद्धा ओढत नाहीत. दुकानदार म्हणाला, "चार्जिंग कमी पडतंय. अल्टरनेटरवरून थेट तार नको, डीसी-डीसी चार्जर लावा." सल्ला बरोबरच आहे, रिकामी लिथियम इतका करंट ओढते की गाडीचा अल्टरनेटर तापतो; हा चार्जर तो करंट आवरतो. लावला. रात्री पुन्हा तेच. मग म्हणे सोलर कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला डबा) बदला, एमपीपीटी घ्या, म्हणजे पॅनलचे जादा व्होल्ट वाया न घालवता त्यांचा करंट करून देणारा. तक्रार कुठलीही असो, उत्तर चार्जिंग. आणि दर उत्तरामागे एक नवा डबा माझ्या गळ्यात.

तो एमपीपीटीचा डबा हातात घेतल्यावरच हलका लागला. खऱ्यात जड कॉइल असते. यंत्रमागाच्या मोटरी भरणारे आमच्या ओळखीचे अण्णा आहेत, त्यांनी भर दुपारी क्लॅम्प मीटर लावला (डीसी मोजणारा हवा, साधा चालत नाही). पॅनलच्या तारेत ८ अँपियर, बॅटरीच्या तारेतही ८. पॅनल १८ व्होल्टला ८ देत असेल, तर खऱ्या एमपीपीटीने बॅटरीकडे १० च्या आसपास द्यायला हवेत. म्हणजे हा साधा, स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर, पॅनलचा करंट आहे तसा पुढे ढकलणारा, वर स्टिकर दुसऱ्याचं.

मग बॅटरीची पाळी. रात्रभर चार्ज करून, हेडलाइटचे बल्ब जोडून अण्णांनी दहा अँपियरचा लोड लावला. १०० एएच असती तर दहाएक तास चालली असती. साडेतीन तासांत बीएमएसने (बॅटरी पूर्ण उतरली की ती बंद करणारं आतलं सर्किट) लाइन तोडली.

पेटी उघडली. आत ६ एएचचे गोल सेल, चारच्या ओळीत सहा रांगा. ओळीतले चार फक्त व्होल्ट वाढवतात, एएच वाढतात ते सहा रांगांमुळे, म्हणजे सगळे मिळून ३६ एएच. काहींवर जुन्या टेपचा चिकटा आणि आधी वेल्ड केल्याच्या खुणा. उरलेल्या जागेत फोममध्ये गुंडाळलेले शहाबादी फरशीचे तुकडे, नीट कापून बसवलेले. अण्णांनी एक तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "कारागीर चांगला आहे बे."

दुकानदाराचं यावर उत्तर: सील तोडलंत, वॉरंटी गेली. तशीच पेटी कोणाकडे असेल तर उघडू नका. आधी लोड लावून, घड्याळ आणि मीटर दिसेल असा व्हिडिओ काढा आणि लेखी कळवा. जीएसटी वाचेल म्हणून त्याने हातात दिलेल्या पावतीवर फक्त "बॅटरी १ नग" आहे, एएचचा उल्लेख नाही. पण पैसे यूपीआयने गेलेत आणि १०० एएच लिहिलेला त्याचा मेसेज आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद केली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत २ वर्षांची.

काल निरोप आला: कंट्रोलरचे पैसे परत घ्या आणि तक्रार मागे घ्या. बॅटरीबद्दल अवाक्षर नाही. मी कळवलंय, जे काय असेल ते लेखी पाठवा.