बेळगाव जिल्ह्यातली मोफत कायदा सेवा : पोटगीसाठी कितपत कामाची?

मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, ही समजूत खानापूरपासून निपाणीपर्यंत घट्ट बसली आहे. त्यापायी माहेरी परतलेल्या मुलीच्या पोटगीसाठी बाप व्याजाने पैसे काढतो आणि हक्काच्या सेवेकडे फिरकत नाही. विधी सेवा प्राधिकरणाची ही सेवा पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जासाठी जरूर घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फक्त कागद आणि भाषा या दोन गोष्टी तिच्यावर सोपवून निर्धास्त राहू नये.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. बाई शिक्षिका असो की शेतमजूर, वकील मिळतोच. अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतल्या व्यक्तींनाही ती अट लागत नाही. बेळगावात जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती अर्ज घेते. आधी चौकशी करायची तर 15100 या कायदा मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. अर्जावर लगेच, फार तर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा, असा नियम आहे. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तो नसला की सात दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध करता येत नाही.

वकिलाची फी, कोर्ट फी, प्रोसेस फी (समन्स बजावण्याची), नकलांचा खर्च, सगळे प्राधिकरणाकडे. पॅनेल वकिलाने, म्हणजे प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकिलाने, पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो, टायपिंगच्या नावाखालीही नाही. कुणी मागितलाच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी. वकील बदलून हवा असेल तरी अर्ज तिथेच.

आता भाषा. कोर्टाचे काम कन्नड आणि इंग्रजीत चालते. घरातले कागद मात्र मराठीत : लग्नपत्रिका, सासरच्या चिठ्ठ्या, मोबाइलवरचे मेसेज. मराठीत तक्रार मांडण्याचा हक्क घटनेच्या 350 व्या कलमाने दिलेला आहे आणि तो सोडू नये. पण मराठी अर्जासोबत एक पान इंग्रजी किंवा कन्नड गोषवारा जोडला तर काम अडत नाही. लिहिता न येणाऱ्या बाईने तोंडी सांगितले तरी प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाने लिहून घेऊन अंगठा घ्यायचा असतो. लिहिलेले मराठीत वाचून दाखवा, असा आग्रह धरा. भाषांतर हाही मोफत सेवेचाच भाग आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोणते कागद भाषांतरित करून हवेत याची यादी पहिल्याच अर्जात द्या. ऐन पुराव्याच्या वेळी भाषांतरे मागितली की तारीख पुढे गेलीच म्हणून समजा.

सासर महाराष्ट्रात, चंदगड किंवा गडहिंग्लजला असले तरी पोटगीचा अर्ज बाई राहते तिथल्या कोर्टात चालतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतले पूर्वीचे 125 कलम आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झाले आहे. नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत, शक्यतो, अंतरिम (अंतिम निकालापर्यंतच्या) पोटगीचा निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. अडते ते बहुधा बजावणीपाशी. पत्त्यात गाव, गल्ली, तालुका, पोलीस ठाणे, पिन आणि नवऱ्याच्या कामाचे ठिकाण लिहा, नाहीतर ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन समन्स परत येते.

सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. नवरा ‘मी मजूर’ म्हणून मोकळा होतो. तिथे भक्कम कागद लागतो : महाराष्ट्रातल्या जमिनीचा महाभूमी पोर्टलवरचा डिजिटल सहीचा सातबारा (पंधरा रुपये), कर्नाटकातल्या जमिनीचा भूमी पोर्टलवरचा उतारा, साखर कारखान्याच्या ऊसबिलाची झेरॉक्स, दूध डेअरीची पावती. बँक स्टेटमेंट हाती नसेल तर शाखेचे नाव तरी द्या, म्हणजे वकिलाला ते कोर्टामार्फत मागवता येते. पॅनेल वकिलाचे मानधन तुटपुंजे असते आणि त्याच्यामागे बाकीची प्रकरणेही असतात. हे कागद शोधत तो गावोगाव फिरणार नाही.

वर्तमानपत्रांचा संबंध इथे दोन ठिकाणी येतो. घटस्फोट, वाटणी असल्या दिवाणी दाव्यात समोरचा सापडत नसेल तर कोर्ट पेपर नोटीस काढायला सांगते. नियम असा की, तो माणूस शेवटचा जिथे राहत होता किंवा धंदा करत होता तिथे खपणारे दैनिक हवे. नवरा कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचा आणि नोटीस बेळगावच्या कन्नड दैनिकात, असे झाले की पुढे एकतर्फी हुकूम उलटायला त्याला आयते निमित्त मिळते. कोल्हापूर आवृत्ती असलेल्या मराठी दैनिकाचे नाव वकिलाला आधीच लिहून द्या.

दुसरे, बातमी. चिडलेले नातेवाईक यूट्यूब चॅनेलवाल्याला बोलावतात. हिंदू विवाह कायद्याच्या 22 व्या कलमाप्रमाणे त्या कायद्याखालची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा मजकूर छापता येत नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे. आमच्या स्थानिक माध्यमांनी याहून सोपे, पण मोलाचे काम करावे : कायदा शिबिराच्या बातमीत मान्यवरांच्या नावांबरोबर 15100 आणि लागणाऱ्या कागदांची यादीही छापावी.

तारखेसाठी वकिलाच्या फोनची वाट पाहू नका. प्रकरणाचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक मागून घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख स्वतः बघा. हुकूम झाल्यावर पैसे थकले तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा लागतो. ‘देईल सावकाश’ म्हणत वर्ष उलटले की त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. या वसुलीच्या अर्जालाही मोफत वकील मिळतो. फक्त त्यासाठी प्राधिकरणाकडे पुन्हा नवा अर्ज टाका.