गंगापूर रस्त्यावरील आहारसल्ला केंद्र : वजने उचलणाऱ्याचा सहा आठवड्यांचा अनुभव

गेली तीन वर्षे मी आठवड्यातून चार दिवस जिममध्ये वजने उचलतो आणि नोकरीचे आठ तास नाशिकच्या सातपूरमधील एका कारखान्याच्या लेखा विभागात बसून काढतो. अशा माणसाला दिवसाला किती कॅलरी लागतात, हे एकदा नीट ठरवून घ्यावे म्हणून मी गंगापूर रस्त्यावरील एका आहारसल्ला केंद्रात २,४०० रुपये भरून सहा आठवड्यांसाठी नाव नोंदवले.

पहिली भेट निराशाजनक ठरली. वय ३१, उंची १७२ सेंटिमीटर व वजन ७४ किलो एवढे विचारून तेथील साहाय्यकाने मिफ्लिन-सेंट जिओर यांच्या १९९० सालच्या सूत्राने हिशेब मांडला. किलोतील वजनाची दहापट आणि सेंटिमीटरमधील उंचीची सव्वासहापट यांच्या बेरजेतून वयाची पाचपट वजा करायची आणि पुरुष असल्यास ५ मिळवायचे, स्त्री असल्यास १६१ वजा करायचे, असे ते सूत्र आहे. माझे उत्तर १,६६५ आले, म्हणजे दिवसभर पडून राहिलो तरी शरीर साधारण एवढ्या कॅलरी खर्च करील. इथपर्यंत सारे बरोबर होते. पुढे त्यांनी दिवसभराच्या हालचालीचा खर्च धरण्यासाठी मध्यम हालचालीचा १.५५ हा गुणक लावून २,५८१ चा आकडा काढला, त्यात व्यायामाचे ३५० आणि स्नायू वाढावेत म्हणून आणखी ३०० मिळवले आणि ३,२३१ कॅलरींचा तक्ता माझ्या हाती दिला.

१.५५ या गुणकात व्यायाम आधीच धरलेला असतो. तो वेगळा मिळवणे म्हणजे एकच खर्च वहीत दोनदा लिहिणे होय. शिवाय वजने उचलताना घाम आणि दमणूक भरपूर होत असली, तरी त्या तासातला बराच वेळ दोन सेटमधल्या (वजन सलग उचलण्याच्या दोन फेऱ्यांमधल्या) विश्रांतीत जातो, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च वाटतो त्यापेक्षा कमीच असतो. मी तो तक्ता मुकाट्याने पाळला असता, तर स्नायूंपेक्षा पोटच अधिक वाढले असते.

दुसऱ्या भेटीत मुख्य आहारतज्ज्ञ मॅडमना हे दाखवले. त्यांनी चूक तत्काळ मान्य केली आणि तक्ता रद्द केला; या केंद्राविषयी माझे मत बदलले ते तेथून. त्यांनी मला रोज २,६०० कॅलरी खायला आणि रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, वजन करायला सांगितले. एकेका दिवसाच्या वजनाकडे लक्ष न देता आठवड्याची सरासरी काढायची होती, कारण मीठ, पाणी आणि स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन (साखरेचा साठा) यांमुळे वजन एका रात्रीत किलोभर सहज हलते.

खाण्याची नोंद मात्र अवघड गेली. मोबाइलवरील ॲपमध्ये एक वाटी भाजी लिहिली की ते स्वतःच्या अंदाजाने तेल धरते. मॅडमनी आईला महिन्याला किती तेल लागते ते विचारायला सांगितले. चार माणसांत ४ लिटर, म्हणजे सुमारे ३,६४० ग्रॅम; माणशी रोज ३० ग्रॅम आणि ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या, तर २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. इतका साधा आणि आपल्या स्वयंपाकाला लागू पडणारा हिशेब मला आजवर कोणत्याही जिममध्ये कोणी सांगितला नव्हता. रविवारची मिसळ त्यांनी बंद केली नाही. फरसाण वेगळे मागवून घरच्या काट्याच्या अंदाजाने वाढून घ्यावे आणि तर्री बेताची घ्यावी, एवढेच सांगितले.

पहिल्या आठवड्यातील वाढ बरीचशी पाण्याची असू शकते म्हणून ती सोडून दिली. दुसऱ्या आठवड्याची सरासरी ७४.३ किलो आणि पाचव्याची ७५.० किलो आली. वाढलेल्या वजनाच्या किलोमागे ७,७०० कॅलरी धरल्यास २१ दिवसांतील ही ७०० ग्रॅमची वाढ रोजच्या सुमारे २५७ जादा कॅलरींची होते, म्हणून वजन स्थिर राखणारा माझा आकडा २,३५० च्या आसपास ठरला. तो १,६६५ च्या केवळ १.४१ पट आहे, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या बाबतीत ते पटण्यासारखे आहे. आता मी २,५०० वर आहे. प्रथिने शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे १२० ग्रॅम ठरली असून डाळ, दही, पनीर आणि अंड्यांतून ती भागतात.

शरीरातील चरबी मोजणाऱ्या त्यांच्या यंत्रावर मात्र विसंबू नये. ते शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधते, त्यामुळे शरीरातील पाणी बदलले की त्याचे उत्तरही बदलते. संध्याकाळी व्यायामानंतर त्याने मला २२.४ टक्के सांगितले आणि दोन दिवसांनी सकाळी १९.८. या मोजणीचे वेगळे २०० रुपये घेतात, ते वाचवावेत.

आठ-दहा आठवडे नियमाने वजन आणि आहार लिहिण्याची तयारी असेल, तर हे शुल्क मला रास्त वाटते. नावनोंदणी करतानाच मुख्य आहारतज्ज्ञांची वेळ मागून घ्यावी, आणि मिळालेल्या तक्त्यात गुणक कोणता लावला व व्यायाम वेगळा मिळवला आहे का, हे तेथेच बसून विचारावे.