बाबांच्या घड्याळातलं मशीनच काढून घेतलं

बाबांचं एचएमटी जनता, १९७८ सालचं. साधं, १७ ज्वेलचं (म्हणजे चाकं झिजू नयेत म्हणून आत बसवलेले १७ बारीक खडे), रोज सकाळी चावी द्यायची. मागे पडायला लागलं म्हणून पेठेतल्या एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. सर्व्हिसिंग ६५०, मेन स्प्रिंग ४५०, काच १५०. एकूण १,२५० रुपये मोजले आणि घरी आणलं सेलवर (बॅटरीवर) चालणारं घड्याळ. केस आणि डायल बाबांची, आतलं मशीन गायब.

मला कळायला हवं होतं. तिथेच, काउंटरवर. वेळ लावायला मी चावी बाहेर ओढली आणि सेकंदकाटा जागच्या जागी थांबला. बाबांच्या घड्याळाचा तो कधीच थांबायचा नाही. रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके पडायचे तेव्हा बाबा चावी ओढून उभे असायचे आणि दर वेळी म्हणायचे, "मिनिटकाटा जुळतो रे, सेकंदकाटा ऐकत नाही." लहानपणापासून हे ऐकलेला मी, आणि काटा थांबलेला पाहून मला उलट बरं वाटलं! चावी आत ढकलली तर काटा टक्, टक्, एकेक सेकंदाने उडी मारत निघाला. चावीच्या घड्याळाचा काटा एका सेकंदात पाच बारीक पावलं टाकतो, सरकल्यासारखा दिसतो. मी विचारलंसुद्धा. "नवं ऑइल आहे काका, आठ दिवसांत मोकळा होईल." दुकान जुनं, माणूस वयस्कर, गिऱ्हाईकं खोळंबलेली. कोण संशय घेईल?

पुढे तीन आठवडे मी त्याला रोज चावी देत होतो. चावी नुसती फिरायची, शेवटी घट्ट होतच नव्हती. मग नऊ दिवस कोकणात गेलो, घड्याळ कपाटात. परत आलो तर चालू, वेळही बरोबर! चावीचं घड्याळ दीड दिवस चालतं, फार तर दोन. दुसऱ्या घड्याळजींनी झाकण उघडलं. आत सेलचं मशीन, ते बसवायला भोवती प्लॅस्टिकची रिंग, डायल गोंदाने चिकटवलेली. काटेही बदललेले, कारण जुन्या काट्यांची भोकं या मशीनवर बसत नाहीत. म्हणाले, हे मशीन शंभर-दीडशेला मिळतं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, त्यामुळे जुन्या चालू मशीनला गिऱ्हाईक आहे.

दुकानदार म्हणतो, "तुम्ही असंच दिलं होतं." पावतीवर फक्त "एक घड्याळ, दुरुस्ती". म्हणून सांगतो, झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा, मशीनचा फोटो काढा, पावतीवर "चावीचं, १७ ज्वेल" लिहून घ्या.

पोलीस चौकीत दीड तास बसवलं. "काका, घड्याळ तर चालतंय ना? मग तक्रार कसली?" चालतंय हीच तर तक्रार आहे! दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते, तिसऱ्या दिवशी म्हणाले हा दिवाणी मामला. अर्ज घेतला, पोच द्यायला नकार. ग्राहक तक्रारीच्या फोनवर वीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि घड्याळाची आजची किंमत विचारली. काय सांगू? आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही, हे मला चौकीत कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधलं.

आणि जुने सुटे भाग "टाकून दिले" म्हणाला तर ऐकून घेऊ नका, मागून घ्या. मी मागितले नाहीत. बाबांनी ३८ वर्षं चावी दिलेलं मशीन आज कुठल्या तरी दुसऱ्याच केसमध्ये चालत असेल.