जुन्या स्प्रिंगच्या छर्ऱ्याच्या बंदुकीत चामडी वॉशर घालावा की सिंथेटिक सील?

जुनी छर्ऱ्याची बंदूक घरी दुरुस्त करायला घेतली, की गंज उतरवणे, दस्त्याला तेलपाणी करणे, थकलेली स्प्रिंग बदलणे यांविषयी फारसे मतभेद होत नाहीत. खरा निर्णय पिस्टनच्या, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने पुढे धावून छर्ऱ्यामागची हवा दाबणाऱ्या दट्ट्याच्या, तोंडाशी घ्यावा लागतो. तिथला वाटीच्या आकाराचा मूळ चामडी वॉशर वाळून कडक झालेला असतो, त्याची कड झडलेली असते, आणि त्या जागी पुन्हा चामडेच घालावे की पॉलियुरेथेनचे किंवा टेफ्लॉनचे सील बसवावे, हा प्रश्न उभा राहतो. मी माझ्या जर्मन डायना २७ मध्ये दोन्ही वापरून पाहिले आहेत. घरातल्या दुसऱ्या बंदुकीत, म्हणजे इंडियन ह्यूम पाइप कंपनीने डायना ३५ च्या धर्तीवर केलेल्या बंदुकीत, मात्र पहिल्यापासून चामडेच ठेवले आहे. पुढचे मत या दोन बंदुकांपुरते आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

सिंथेटिक सीलची बाजू भक्कम आहे आणि ती आधी मांडणे न्याय्य ठरेल. सील नीट बसले, की बंदूक एका लयीत चालते. पहिला छर्रा आणि विसावा छर्रा जवळपास एकाच जागी जातो, धूर येत नाही, तेलाचा वास येत नाही, आणि महिनोन्महिने कपाटात पडून राहिलेली बंदूक काढल्याबरोबर नेम धरता येतो. सिलिंडरच्या भिंतीला मॉली (मॉलिब्डेनमयुक्त) ग्रीसचा अगदी पातळ थर लावला, की पुढे त्याची आठवणही काढावी लागत नाही. नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, स्प्रिंग चढवतानाही हाताला किंचित हलके वाटते.

अडचण मापापासून सुरू होते. ‘डायना २७’ एवढे नाव सांगून तयार सील मागवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील रास्टाटच्या मूळ कारखान्याची यंत्रसामग्री आणि डायना हे नाव भरपाईपोटी स्कॉटलंडच्या मिलार्ड ब्रदर्सकडे गेले. जर्मन कारखान्याने १९५० च्या सुमारास पुन्हा उत्पादन सुरू केले, तरी ब्रिटनमध्ये त्याला आपल्या बंदुका ‘ओरिजिनल’ या नावाने विकाव्या लागल्या, आणि नाव परत मिळायला १९८४ साल उजाडले. त्यामुळे एकाच नावाच्या आणि क्रमांकाच्या दोन बंदुका आतून निरनिराळ्या असू शकतात. शिवाय जुना पिस्टन चामड्याचा वॉशर स्क्रूने धरण्यासाठी घडवलेला असतो; त्यावर सिंथेटिक सील बसवायचे, तर लेथवर एक जोडतुकडा कातून घ्यावा लागतो आणि कधी कधी पिस्टनचे तोंडही छाटावे लागते. छाटलेला पिस्टन पूर्ववत होत नाही. ज्यांना बंदूक मूळ स्वरूपात जपायची आहे, त्यांनी याचा आधीच विचार केलेला बरा.

तरीही मापाची आणि लेथची खटपट एकदाच करायची असते, म्हणून ती मी सोसली असती. माझा निर्णय फिरवला तो पिस्टन आत सरकवण्याच्या कामाने. पिस्टन सिलिंडरमध्ये मागच्या बाजूने जातो आणि वाटेत त्याला ट्रिगरच्या पिनांची भोके आणि नळी मोडणाऱ्या दांड्याची लांबट खाच ओलांडावी लागते. कारखान्यात कापलेल्या त्या खाचेच्या आतल्या कडा ब्लेडसारख्या असतात. अर्धगोल कानस फिरवली, बारीक एमरी पेपरने घासले, बोट फिरवून पाहिले, सीलला ग्रीस लावून आणि खाचेवर पातळ प्लास्टिकची पट्टी धरून पिस्टन अलगद सरकवला, तरी सीलच्या ओठाला दोऱ्याएवढा काप जाण्याची धास्ती प्रत्येक वेळी राहते. हा काप त्या क्षणी दिसत नाही. पिस्टन आत जातो, स्प्रिंग जाते, क्लॅम्पमध्ये स्प्रिंग दाबून मागचा ट्रिगरचा ठोकळा बसवावा लागतो, ताणलेला पिस्टन अडवून धरणारे तीन बेअरिंगचे गोळे ग्रीसमध्ये चिकटवून जागेवर ठेवावे लागतात, दोन्ही पिना ठोकाव्या लागतात, दस्ता कसावा लागतो, आणि मग पहिला छर्रा पिचक्या आवाजाने बाहेर पडतो तेव्हा कळते, की सील गेले. सगळे पुन्हा उघडायचे, नवे सील मागवायचे, ते येईपर्यंत सुटे भाग डब्यात ठेवून वाट पाहायची. हे माझ्या बाबतीत एकापेक्षा अधिक वेळा घडले, आणि दर वेळी कडा आधीपेक्षा गुळगुळीत केलेल्या होत्या.

चामडे इथे उदार वागते. त्याच खाचेवरून जाताना त्यालाही ओरखडा पडतो, पण तेल पिऊन फुगलेले चामडे दाबाखाली भिंतीला टेकते आणि काही छर्रे उडवल्यावर ओरखडा बुजून जातो. पूर्वीच्या रॉकेलच्या स्टोव्हचा पंप ज्यांनी उघडला आहे, त्यांना ही वाटी आणि तिचे वागणे वेगळे समजावून सांगायला नको. जुन्या सिलिंडरमध्ये गंजाने पडलेले बारीक खळगे आणि मापातला थोडाफार फरकही चामडे सांभाळून घेते. माझ्या दृष्टीने जुन्या बंदुकीच्या बाबतीत हा गुण सर्वांत मोलाचा आहे.

वॉशर घरी करता येतो, हे आणखी एक समाधान. त्यासाठी चामडे झाडपाल्याच्या रसायनांत कमावलेले हवे. क्रोमने कमावलेले मऊ चामडे वाटीचा आकार धरून ठेवत नाही. आपल्याकडे कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची रीत आहे, आणि त्या कारागिरांकडे तीन-चार मिलिमीटर जाडीचा तुकडा सहज मिळतो. तो कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवावा, सिलिंडरच्या आतल्या व्यासाएवढे भोक असलेल्या लाकडी साच्यात गोल ठोकळ्याने हळूहळू दाबावा आणि सावलीत वाळू द्यावा. उन्हात वाळवला तर वाटी वेडीवाकडी होते. वाळल्यावर काठ सारखा कापून, वाटी स्क्रूवर बसवून ड्रिलमध्ये फिरवत एमरी पेपरने मापात आणावी आणि मग रात्रभर नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या, चामड्याला लावायच्या तेलात) बुडवून ठेवावी. हाताला ती लोण्यासारखी नव्हे, पण वाकवल्यास सहज वाकेल अशी लागली पाहिजे.

चामड्याचे दोषही खरे आहेत. ते तेल मागते. सुरुवातीचे छर्रे धूर काढतात आणि दणकन वाजतात, कारण दबलेल्या हवेच्या उष्णतेने तेलाची वाफ पेट घेते. तोवर नेमाची अपेक्षा धरू नये. उन्हाळ्यात बंदूक पडून राहिली, तर वाटी आक्रसते आणि जोर उतरतो. अशा वेळी नळी मोडून, सिलिंडरचे तोंड वर करून, हवेच्या भोकात दोन थेंब तेल सोडावे आणि बंदूक तशीच रात्रभर उभी ठेवावी. ज्याला एवढेही करणे जाचक वाटते, त्याला सिंथेटिक सीलच सोयीचे पडेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

जोरात फरक पडतो का, याचे मोजमाप माझ्याकडे नाही. त्याच अंतरावर ठेवलेल्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याला दोन्ही वेळी सारखेच भोक पडले आणि त्याच फळीत छर्रा सारखाच रुतला, एवढेच सांगता येते. आवाज चामड्याचा अधिक बसका आणि धक्का अधिक मऊ वाटला. जोर कमी भासला, तर पिस्टनला दोष देण्याआधी नळीच्या सांध्यातला बारका वॉशर तपासावा: सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्रा सोडावा, पट्टी उडाली तर हवा तिथून निसटते आहे. जाड स्प्रिंग घालून जोर वाढवण्याच्या फंदात मात्र पडू नये. जुन्या पिस्टनला आणि दस्त्याच्या स्क्रूंना तो मार सोसत नाही, आणि आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याविना चालणाऱ्या बंदुकीला २० जूलची आणि ०.१७७ इंच व्यासाची मर्यादा घातलेली आहे.

टिकाऊपणाचा मुद्दाही सिंथेटिकच्या बाजूने नेहमी मांडला जातो तितका सरळ नाही. फाइनवेर्कबाऊ १२४ सारख्या उत्तम जर्मन बंदुकांची मूळ सिंथेटिक सीले काळाने भुसभुशीत होऊन सिलिंडरमध्ये तपकिरी भुगा झालेली सापडतात. हल्लीची पॉलियुरेथेनची सीले त्याहून पुष्कळ चांगली आहेत, पण आपल्या दमट हवेत ती किती वर्षे पुरतील, हे काळच दाखवील. याउलट, तेल मिळत राहिलेले चामडे कित्येक दशकांनंतरही काम करताना दिसते.

म्हणून ज्या बंदुकीचा पिस्टन कारखान्यातूनच सिंथेटिक सीलसाठी घडवलेला आहे, तिच्यात चामडे घालण्याचा अट्टहास करू नये. ज्या पिस्टनवर अजून चामडे धरणारा मूळ स्क्रू शाबूत आहे, तिथे निदान पहिल्या वेळी तरी चामडेच घालून पाहावे, असे मी सुचवेन. वाटी करताना एकाऐवजी दोन करून ठेवाव्यात आणि दुसरी तेलाच्या बाटलीतच राहू द्यावी.