जुन्या आउटबोर्डला १३ चा पंखा ठेवावा, की ११ वर उतरावं?

वीस-बावीस फुटी फायबर होडी आणि पाठीला चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड ही जोडी मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर पावलोपावली दिसते. इंजिन दहा-पंधरा वर्षांचं झालं की मालकाची तक्रार ठरलेली: 'आता पूर्वीसारखी उचलत नाही.' कोणी कार्बोरेटर उघडायला सांगतं, कोणी थेट नवं इंजिन घ्यायला. पंखा, म्हणजे प्रोपेलर, बदलण्याचा विचार बहुतेकांना शेवटी सुचतो. खरं तर खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो, फक्त पिच कोणता घ्यायचा (वरचे १३ आणि ११ हे पिचचेच आकडे) हे नीट ठरवायला हवं.

पाणी घट्ट असतं आणि जराही मागे सरकलं नसतं, तर एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे गेला असता, तो त्याचा पिच. १३ चा पंखा एका फेऱ्यात ११ च्या पंख्यापेक्षा जास्त पाणी मागे ढकलू पाहतो, म्हणून इंजिनावर त्याचा भारही जास्त. भरलेल्या होडीला मोठ्या पिचचा पंखा लावणं म्हणजे फोंडा घाट चौथ्या गिअरमध्ये चढण्यासारखं आहे. गाडी चढते, पण इंजिन कण्हत असतं.

निवड करताना पाहायचा आकडा एकच: रोजच्या ओझ्यानिशी, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, देतं. इंजिनाच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलची मर्यादा दिलेली असते. खालच्या नमुन्यात ती ४५०० ते ५५०० धरली आहे आणि गिअर २:१, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. पिच एक इंचाने बदलला की आरपीएममध्ये साधारण १५० ते २०० चा फरक पडतो; इथे २०० धरलाय. सुरुवात १३ च्या पंख्यावर, म्हातारं पण ठीकठाक इंजिन.

| पिच | एकटा चालक | आठ-दहा माणसं |
|---|---|---|
| १४ | ४९०० | ४००० |
| १३ | ५१०० | ४२०० |
| ११ | ५५०० | ४६०० |
| ९ | ५९०० | ५००० |

१३ च्या ओळीत एकट्याचा आकडा झकास दिसतो. घोटाळा इथेच होतो, कारण पंख्याची चाचणी बहुतेक जण रिकामी होडी घेऊन करतात. माणसं बसली की तेच इंजिन ४२०० वर अडकतं, म्हणजे मर्यादेच्या खाली. थ्रॉटल पूर्ण उघडं, पेट्रोल भरपूर जातंय, पण फेरे वाढत नाहीत. टू-स्ट्रोकला हे फार वाईट. पिस्टन तापतो, कार्बन धरतो, रिंगा चिकटतात, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणखी घसरतं. कॉम्प्रेशन घसरलं की आरपीएम आणखी खाली. ज्या पंख्याने नव्या इंजिनाला कधी त्रास दिला नाही, तोच जुन्या इंजिनाला असा हळूहळू संपवतो.

११ वर आलं की दोन्ही आकडे मर्यादेत बसतात. भरलेली होडी ४६००, रिकामी ५५००. रिकाम्या होडीत काठावर आहे हे खरं, म्हणून एकटे परतताना मूठ शेवटपर्यंत पिळायची नाही, एवढी शिस्त पाळावी लागते.

'पण पिच कमी केला तर वेग जाईल ना?' हा पुढचा प्रश्न. हिशोब करून बघा. आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, भागिले गिअरचं प्रमाण. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. १३ च्या पंख्यावर भरलेली होडी: ४२०० आरपीएमला कागदावर ४१.६. पण ओझ्याखाली दबलेला पंखा पाणी नुसतं घुसळतो. त्यात तीस टक्के वाया गेले असं धरलं तर उरले २९. ११ च्या पंख्यावर ४६०० ला कागदावर ३८.६, आणि इंजिन मोकळं फिरत असल्याने वाया जाणारा हिस्सा पंचवीस टक्के धरू. पुन्हा २९ च. भरलेल्या होडीचा वेग जवळपास तोच राहतो, वर उचल सुधारते. रिकाम्या होडीत मात्र फटका बसतो. दोन्हीकडे पंधरा टक्के वजा केले तर १३ वर ताशी ४३, ११ वर ३९. तुमचा धंदा किल्ल्यावर आणि डॉल्फिन दाखवायला माणसं नेण्याचा असेल, तर हे चार किलोमीटर कोणाला हवेत? एकट्याने गळ टाकायला लांब जात असाल, तर वेगळी गोष्ट.

हे वाया जाणारे टक्के, म्हणजे स्लिप, तुमच्या होडीत किती आहेत ते मोबाईलच्या जीपीएसवर लगेच कळतं. भरतीच्या किंवा ओहोटीच्या ओढीचा परिणाम जाण्यासाठी एकदा ओढीबरोबर आणि एकदा ओढीविरुद्ध जाऊन सरासरी काढा.

९ चा पंखा मी प्रवासी होडीला सुचवणार नाही. तो जाळी, बर्फ, मासळी असं जड ओझं हळू नेणाऱ्यांसाठी. असा पंखा सहसा व्यासाने मोठा आणि रुंद पात्यांचा असतो, त्यामुळे आरपीएम कोष्टकातल्यापेक्षा थोडे खालीच येतील. तरीही रिकामी होडी लाटेवरून उडाली आणि पंख्याने हवा घेतली, की जुनं इंजिन किंचाळतं. त्याला आवर घालणारी इलेक्ट्रॉनिक सोय बहुतेक जुन्या इंजिनांत नसते. १४ चा विषय तर दोन ओळींत संपतो. हलकी होडी, नवं इंजिन, एक-दोन माणसं असतील तर घ्या. जुन्या इंजिनाला नको.

आता थोडं थांबा. आरपीएम कमी येताहेत म्हणून लगेच ११ चा पंखा विकत आणू नका, कारण दोष पंख्याच्या आकड्यात नसून भलतीकडेच असू शकतो. तळाला शेवाळ आणि शिंपलं धरलं असेल तर नुसतं खरवडल्यावरही शे-दोनशे आरपीएम परत येतात. थ्रॉटलची केबल ताणली गेली असेल तर मूठ पूर्ण पिळूनही कार्बोरेटर पूर्ण उघडत नाही. झाकण काढून डोळ्यांनी बघा. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. दोघांत मोठी तफावत असेल तर पंखा बाजूला ठेवा, आधी इंजिन उघडा. फायबरच्या दुहेरी तळात पाणी शिरून होडी जड झालेली असते, तेही जुन्या होड्यांत सर्रास सापडतं.

याच्या उलट लक्षण म्हणजे इंजिन भरभर फिरतंय आणि होडी जागची हलत नाही. त्यामागे बहुतेक वेळा पंख्यातला रबर बुश असतो. पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावा म्हणून आतली नळी आणि बाहेरचा हब (पाती जोडलेला मधला भाग) यांच्यामध्ये रबर दाबून बसवलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या उन्हा-खाऱ्या पाण्याने ते कडक होतं आणि जोर आला की निसटतं. तपासायची युक्ती सोपी आहे. पंखा काढा आणि मागच्या तोंडावर आतल्या नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत छिन्नीने सरळ एक खूण ओढा. पंखा परत बसवून माणसं भरा, एक फुल थ्रॉटलची फेरी मारा आणि पुन्हा काढून बघा. खूण तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर रबर गेलं. असा पंखा कितीही पिचचा असो, त्याच्यावर घेतलेले आकडे निरर्थक.

आरपीएम मोजणाऱ्या टॅकोमीटरचंही तसंच. मुठीच्या इंजिनांना तो बहुधा नसतोच. स्पार्क प्लगच्या वायरीला तार गुंडाळून चालणारे छोटे टॅकोमीटर मिळतात, ते पुरेसे आहेत. फक्त एका फेऱ्याला ठिणगी एक की दोन, हे सेटिंग बरोबर ठेवा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसेल.

जुना पंखा विकत घेत असाल तर हबवरचा आकडा वाचा. '११ ३/८ × १२ – जी' असं काही कोरलेलं असतं: आधी व्यास, मग पिच. यामाहाच्या पंख्यांवर शेवटचं अक्षर तो कुठल्या गटाच्या शाफ्टवर बसतो ते सांगतं, ते जुळलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. पाती ठोकून सरळ केलेला पंखा असेल तर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नका. सपाट फरशीवर पंखा आडवा ठेवा. साडेअकरा इंची पंख्याला मध्यापासून चार इंचांवर, म्हणजे त्रिज्येच्या साधारण सत्तर टक्क्यांवर, एका पात्याच्या दोन्ही कडांची फरशीपासूनची उंची मोजा आणि त्या दोन बिंदूंमधला कोन घ्या. उंचीतला फरक अडीच इंच आणि कोन ७५ अंश आला, तर २.५ × ३६० ÷ ७५, पिच १२. तिन्ही पाती मोजायची. एक ११, दुसरं १२, तिसरं साडेबारा असं निघालं तर इंजिन थरथरणार, सील आणि बेअरिंग लवकर जाणार. अर्ध्या इंचाचा फरक मोजण्यात होऊ शकतो, त्याहून जास्त असेल तर तो पंखा तिथेच ठेवून या.

धातूबद्दल माझं मत ठाम आहे: इथे ॲल्युमिनियमच. स्टीलचं पातं पातळ असतं, वाकत नाही, वेग थोडा जास्त मिळतो, सगळं खरं. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक आहेत आणि कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे. ॲल्युमिनियमचं पातं खडकावर लागलं की वाकतं किंवा तुटतं आणि गोष्ट तिथे संपते. स्टीलचा पंखा तो धक्का शाफ्ट आणि गिअरकडे पाठवतो, आणि जुन्या इंजिनाचे गिअर शोधत फिरण्याची वेळ कोणावर येऊ नये. वाळूने ॲल्युमिनियमच्या कडा झिजतात हा त्याचा तोटा. झिजलेला पंखा कमी पकडतो, आरपीएम आपोआप वर जातात आणि मालकाला वाटतं, इंजिन सुधारलं!

चार पात्यांचा पंखा वळणावर आणि लाटेत चांगला धरतो, पण त्याच पिचला आरपीएम थोडे उतरतात, म्हणून घ्यायचाच तर पिच आणखी इंचभर कमी घ्यावा. डिझेल इंजिन आत बसवलेल्या ट्रॉलरचं गणित निराळं आहे. तिथे काळा धूर दिसला की पंखा जड झाला असं पहिलं अनुमान करतात आणि कारखान्यात पात्यांचा पिच उतरवून घेतात.

तर प्रवासी वाहणाऱ्या जुन्या होडीला ११. रोज तीन-चारच माणसं असतील आणि भरल्यावरही ४६०० च्या वर आकडा येत असेल, तर १३ राहू द्या, पैसे वाचवा. मध्ये १२ मिळत असेल आणि तुमचं ओझं रोज बदलत असेल, तर तो घ्यायला हरकत नाही. मे महिन्याच्या शेवटी होडी वर ओढली की तळ आणि केबलचं काम उरकून घ्यावं. चाचणी मात्र सप्टेंबरमध्ये पाण्यात उतरल्यावर, माणसं भरून.

उतरवलेला पंखा धड असेल तर विकू नका. नटाचा पाना, नवी स्प्लिट पिन आणि थोडं ग्रीस यांच्यासोबत तो होडीतच ठेवा. नट सोडण्याआधी प्लगच्या वायरी काढायच्या आणि पंख्याच्या पुढचा जाड वॉशर शाफ्टवरून निसटून पाण्यात जाणार नाही याकडे लक्ष ठेवायचं. तो वॉशर नसेल तर नवा पंखाही बसवता येत नाही.