सोरतापवाडीच्या नर्सरीकडून नव्या घराचं अंगण करून घेतलं, बजेटसकट रिव्ह्यू

पुण्याहून सोलापूर रोडने लोणी काळभोर सोडलं की सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात हायवेला नर्सऱ्याच नर्सऱ्या. त्यातले बरेच जण आता रोपं विकण्यासोबत अंगणाचं पूर्ण काम पण घेतात. आमचं काम केलं ती नर्सरी छोटी आहे, घरचेच लोक चालवतात, नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात.

प्लॉट 3 गुंठे, म्हणजे 3267 चौरस फूट, त्यात घर, पार्किंग, टाक्या जाऊन साधारण 900 फूट मोकळी जागा उरली. आधी एका लँडस्केपवाल्याने 4 लाखांचं कोटेशन दिलं होतं, नुसता एक आकडा, आत काय काय धरलंय ते विचारलं तरी सांगेना. नर्सरीवाल्या दादांनी मात्र जागा बघितली, टिकावाने दोन-तीन ठिकाणी खणलं आणि म्हणाले, "ताई, खाली सगळा राडारोडा आहे, यावर झाड लावून पैसे घालवू नका." बांधकाम झालेल्या जवळपास प्रत्येक घराची हीच गत असते, सिमेंट, वाळू, विटांचे तुकडे आणि वरून मुरूम, त्यात मुळं जातच नाहीत आणि पाणी तुंबतं ते वेगळंच.

त्यांचा हिशोब असा होता. राडारोडा काढून माती आणि शेणखत 45 हजार, पाइप, ड्रिप आणि पावसाच्या पाण्याचा निचरा 30 हजार, झाडं 28 हजार, लॉन 10 हजार. फरशीचं काम साधारण 50 हजारांचं, पण ते आत्ता करूच नका म्हणाले, एक पावसाळा जाऊ द्या. हे मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण जोत्याभोवतीचा भराव पहिल्या पावसाळ्यात खाली बसतो, आणि आमच्याकडे तर काळी माती, पाण्याने फुगते, उन्हात आक्रसते, त्यावर घाईने पेव्हर ब्लॉक टाकले की वर्षात वाकडेतिकडे. हातचं काम कोण सोडतं हो, त्यांनी सोडलं.

मातीचं नीट समजून घ्या, बजेट इथेच फुटतं. भाव गाडीवर सांगतात पण गाडी म्हणजे किती ब्रास ते विचारायचंच. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, त्यामुळे 900 फूट जागेवर फूटभर भराव म्हणजे 9 ब्रास, हा हिशोब आपला आपण करून ठेवला की कोणी फसवू शकत नाही. ह्यांनी गाडी आली की टेपने मापून दाखवली, न मागता.

लॉनबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. सगळ्यांना नव्या घरापुढे हिरवंगार लॉन हवं असतं आणि लावायला ते स्वस्तच पडतं, पण उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला 5 लिटरच्या आसपास पाणी धरा. पूर्ण 900 फूट लॉन केलं असतं तर रोज 400 लिटरच्या वर, म्हणजे 10 हजार लिटरचा टँकर 25 दिवसांत नुसता गवतावर, आणि आमच्या भागात एप्रिल-मे मध्ये प्यायच्या पाण्याला टँकर लागतो! म्हणून 400 फुटांवर थांबलो, बाकीच्या जागेत झाडं आणि पालापाचोळ्याचं आच्छादन.

झाडांचा भाव पिशवीच्या साइजवर असतो, मोठ्या पिशवीतलं उंच झाड लगेच शोभा देतं पण किंमत कितीतरी पट. आम्ही ताम्हण, बहावा आणि सोनचाफा मध्यम पिशवीतले घेतले, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद लहान. पाण्याच्या टाकीजवळ फायकस लावायला त्यांनी स्वतःहून नाही म्हटलं, मुळं टाकी फोडतात म्हणून. आणखी एक, रोपांवर जीएसटी नाही, लँडस्केपिंगच्या कामावर 18 टक्के लागतो, त्यामुळे रोपं वेगळ्या बिलावर घ्या, सगळं एकाच रकमेत गुंडाळू देऊ नका.

आता तक्रारी. लॉनमध्ये पहिल्याच पावसात लव्हाळा उगवला, गड्ड्यासकट काढल्याशिवाय तो जात नाही आणि माणूस पाठवतो म्हणून दोन आठवडे कोणी आलं नाही, शेवटी आम्हीच बसून काढला. हमाली आणि गाडीभाडं कोटेशनमध्ये नव्हतं, ते 6 हजार ऐनवेळी वाढले, आणि यावर मला राग आहे कारण रोपं नर्सरीतून घरी कशी येणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक सोनचाफा वाळला, तो बदलून दिला पण फोन करकरून. मेलेलं झाड किती महिन्यांपर्यंत बदलून देणार हे कोटेशनवरच लिहून घ्या, तोंडी नको.

साडेतीन स्टार देते. माती, पाणी आणि हिशोबाला पूर्ण मार्क, नंतरच्या सर्व्हिसला कमी. फरशीचं काम दिवाळीनंतर यांच्याकडूनच करून घेणार आहोत, फक्त या वेळी हमाली, गाडीभाडं धरूनच रेट मागितलाय आणि तो त्यांनी लिहून दिलाय.